सरावलेली मुळं

मुलगा : आई, गच्चीवरच्या निळ्या बादलीतली माझी मुळं कुठं गेली?

आई : ओरडतोस कशाला? फेकली नाहीत. चांगली धुऊन पिण्याच्या माठात सोडलीत.

मुलगा : माठात!

आई : तूच ना पाहुण्यांना सांगत होतास? सूर्यफुलाची मुळं सोडली की बॅटरीच्या कारखान्याच्या पाण्यातलं सगळं शिसं ओढून घेतात म्हणे. म्हटलं, आपला नळ तरी कुठं धुतल्या तांदळासारखा?

मुलगा : अगं, ओढून घेतात ती नवी मुळं! ही कारखान्याच्या टाकीत वापरून झालेली. शिशानं गच्च भरलीत!

आई : मला वाटलं, कोऱ्यापेक्षा सरावलेली बरी.

मुलगा : सरावलेली! मुळं आहेत ती, सुईण नव्हे!

आई : आणि असलं विष तू गच्चीवर उघडं ठेवतोस? घरात पोटुशी बाई असताना?

मुलगा : वाळवायला आणली होती गं... चुकलंच माझं. पण ही? ही ते पाणी प्यायली? अगं ए, बाहेर ये आधी!

सून : (दारातून) काय झालं एवढं?

मुलगा : माठातलं पाणी प्यायलीस?

सून : छे! झाकण काढलं तर आत या जटा. आईंना विचारलं, तर म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याचाच शोध आहे.

मुलगा : मग?

सून : मग काय, हातच लावला नाही. नळाचं पाणी उकळून माझी बाटली वेगळी भरते.

मुलगा : म्हणजे माझ्या कामावर तुझा काडीचा विश्वास नाही?

सून : नाही, हे नशीब समजा.

मुलगा : हुश्श! जीव भांड्यात पडला. मी तर कामावरचंच पाणी पितो. आणि आई, तू?

आई : माझं काय एवढं...

मुलगा : प्यायलीस?

आई : सोमवारपासून तेच पितेय. शेजारीणही मागत होती, पण नाही दिलं. म्हटलं, मुलानं आमच्यापुरतंच केलंय.

सून : अहो आई!

मुलगा : चपला घाल. आधी रक्त तपासून घेऊ. चल, ऊठ! इतकी वर्षं माझ्या कामाला गवत उपटणं म्हणत आलीस, आणि आत्ताच कुठून गं एवढा विश्वास बसला?

आई : रुसला होतास ना रविवारी, घरात माझं म्हणणं कुणी खरं मानत नाही म्हणून? म्हटलं, निदान आईनं तरी मानावं.