सासरेबुवांच्या लायसन्सचा शेवटचा दिवस

...आणि वर मलाच म्हणतात, "जावई फार गप्प असतो हो!" अहो, गप्प असतो कसला, गप्प केलेला आहे! तुम्हाला सांगतो, त्या दिवशी सकाळी ओमानमधल्या आमच्या इब्रा गावातल्या घरासमोर गाडी उभी, तंबू चढवलेला, पाण्याचे कॅन चढवलेले, आणि बायको, म्हणजे रय्या, कानाशी येऊन काय म्हणते? "झाहिर, आज बाबांना एक शब्द बोलायचा नाही!" का? तर सासरेबुवांचं, खल्फानकाकांचं, लायसन्स उद्या संपणार, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलेलं, आता पुढचं मिळणार नाही. पंचेचाळीस वर्षं वाळूत ट्रक चालवलेला माणूस! इच्छा एकच... सकाळी वाळू, दुपारी डोंगर, तिथेच मुक्काम, आणि स्टिअरिंग सगळीकडे त्यांच्या हातात. गाडी कुणाची? माझी. नवी! मी काही बोललो? नाही बोललो.

वाळू लागली. टायरमधली हवा कमी करायला मी मीटर काढला, तर काका म्हणाले, "ठेव ते खेळणं. मी कानानं मोजतो." बसले चाकाशी, डोळे मिटून, सूंऽऽऽ... "झाली!" एक चाक भाकरी, दुसरं भोपळा! मी काही बोललो? छे!

समोर तीन मजली टेकडी. मागून रय्या, "बाबा, हळू!" काका, "वाळूत हळू जाणारा तिथंच राहतो!" खरंय हो, पण माथा आल्यावर थांबायचं की नाही? त्यांना माथा दिसलाच नाही! गाडी पोटावर बसली, पुढची चाकं हवेत, मागची हवेत. मी शिंकलो की पुढे, रय्यानं श्वास घेतला की मागे! आणि काका? थर्मास उघडून कॉफी ओततायत! "बघ, काय देखावा आहे!"

तासाभरानं खालून एक पिकअप आला, मागे ऐटीत बसलेला उंट. उतरली कोण? सत्तरीची, वाळवंटातच वाढलेली बदू बाई, हमामा तिचं नाव, तोंडावर बुरखा, कमरेवर हात. "कोण रे तो ड्रायव्हर?" काकांनी बोट दाखवलं... माझ्याकडे! बाई कडाडली, "मेल्या, डोळे उंटाला विकलेस का?" उंटसुद्धा माझ्याकडेच बघायला लागला हो! मी काही बोललो? दात-ओठ खाल्ले, ताटलीनं वाळू उपसली, तिनं दोर लावून एका हिसक्यात आम्हाला मागे ओढलं.

मग हवा भरून निघालो जबल अख्दरच्या डोंगराकडे. पायथ्याच्या चौकीवर पोलीस म्हणाला, "काका, हे उद्या संपतंय." काका म्हणाले, "उद्या ना? मग आज सलाम ठोक!" ठोकला बिचाऱ्यानं!

वर गार वारा, खाली दऱ्या, डाळिंबांची उतरती शेतं... कुणी बघितली? मी दाराची कडी धरून बसलेलो! एका वळणावर काकांनी करकचून ब्रेक मारला. "बकरी!" हॉर्न. बकरी हलेना. पुन्हा हॉर्न. "निर्लज्ज आहे!" म्हणून उतरले, काठी उगारून गेले, हाड्, हाड्... आणि थबकले. हात लावून बघितला. दगड होता हो. पांढरा दगड.

कितीतरी वेळ काका त्याच्यावर हात ठेवून उभे. रय्यानं तोंड फिरवलं. माझ्याकडे सकाळपासून साठवलेली चाळीस वाक्यं होती, एकही बाहेर येईना. या वेळी मला कुणी गप्प केलं नव्हतं.

काका आले, किल्ली माझ्या हातावर ठेवली. "दगड बकरी वाटला, ठीक आहे. उद्या पोर दगड वाटलं तर?"

मी म्हटलं, "काका, ऊनच असं होतं... मलाही बकरीच वाटली."

"खोटं बोलतोस," ते म्हणाले, "पण छान बोलतोस."

बसलो स्टिअरिंगवर. दहा पावलं गेलो नसेन, तोच शेजारून, "गिअर उतरव! हॉर्न दे! अरे, डावीकडे काय तुझं सासर आहे का?" दगड दिसत नाही या माणसाला, पण माझी चूक दिसते!

आता आठ महिने झाले. रोज सकाळी सहाला फोन, "झाहिर, आवर लवकर, मी गाडी चालवायला निघालोय!" काय करता? हातपाय तेवढे माझे... गाडी अजून तेच चालवतात.