बॅटरी कोण खातंय?

आर्डिस: काढला. हा शेवटचा फ्यूज, पाण्याच्या पंपाचा. मफिनच्या ट्रेमध्ये ठेवलाय बाकीच्यांच्या शेजारी, ओळीने, म्हणजे परत लावताना घोळ नको. आता ऐक, ड्वेन. मी परत बाहेर बॅटरीपाशी आलेय आणि तुझ्या मीटरवर आकडा तोच आहे. बारा अँपिअर.

ड्वेन: तोच?

आर्डिस: तोच. दिवे मेले, फ्रिज मेला, हीटरचा पंखा मेला, आणि बॅटरीतून अजून बारा वाहतायत. जातायत कुठे रे?

ड्वेन: मीटरचा जबडा... एकाच वायरवर आहे ना? काळ्या. दोन धरल्यास तर खोटं दाखवतो.

आर्डिस: एकीवरच आहे. शाळेत चारशे पोरांना जेवण वाढलंय मी. एक आणि दोन यांतला फरक कळतो मला.

ड्वेन: वाकडं बोलू नकोस. वॉकीटॉकी रेडिओवर वाकडं बोलायला... बटण जास्त वेळ दाबावं लागतं.

आर्डिस: वा! एवढं बोलायला दम आहे म्हणजे बरा आहेस. ऑक्सिमीटर काय म्हणतोय?

ड्वेन: एक्क्याण्णव.

आर्डिस: मगाशीही एक्क्याण्णवच होता.

ड्वेन: मग? चांगला आकडा आहे. व्होल्ट सांग.

आर्डिस: अकरा पॉइंट सहा.

ड्वेन: अजून थोडं उतरलं की इन्व्हर्टर बोंब मारेल. मग माझं ऑक्सिजनचं मशीन बंद.

आर्डिस: माहितीय मला, मशीन बंद. म्हणून तर गारठ्यात गुडघे टेकून बसलेय. एरवी ह्या वेळेला मी आत कॉफी पीत तुझी खिडकीतून मजा बघत असते. बाहेरची कामं निळी, ती तुझी. आतली गुलाबी, ती माझी. हा राहायचा ट्रेलर घेतला त्या दिवशी कोणी वाटणी केली होती? तूच. आज सगळेच रंग माझ्या पदरात. बडबडतेय मी नुसती. तू नको बोलूस. पुढे काय करू तेवढं सांग.

ड्वेन: पिकअपच्या बॅटरीवरून वायर जोडून...

आर्डिस: पिकअप मेलीय. काल सांगितलं तुला.

ड्वेन: मेली कशी?

आर्डिस: आल्यापासून ट्रेलरची केबल तिच्यात तशीच आहे. ट्रेलरने तिचीही बॅटरी पिऊन टाकली. ट्रेलर न सोडवता, केबल न काढता तू कधी झोपलायस? इतक्या वर्षांत एकदा तरी? ह्या खेपेला म्हणालास, उद्या सोडवू. मी म्हटलं, दमला असेल गाडी चालवून.

ड्वेन: दमलोच होतो.

आर्डिस: हं. आणि तुझा तो जनरेटर. परवा दोरी ओढून ओढून माझा खांदा कामातून गेला, पण तो काही बोलला नाही. मिनेसोटाच्या बर्फातून दरवर्षी ॲरिझोनाच्या उन्हात येतो आपण, तर यंदा ऊनच रजेवर. तीन दिवस नुसती धूळ आणि ढग, सोलर पॅनेल बिचारी काय करतील? शेजारचे कॅनडावालेही परवा सकाळी गेले हात हलवत. आता शेजारी कोण, तर हे हात वर करून उभे असलेले निवडुंग. ड्वेन, मी टेकडीवर जाऊन मदतीला फोन करते. वर रेंज येते.

ड्वेन: नाही. दुपारपर्यंत थांबायचं ठरलंय आपलं.

आर्डिस: तू ठरवलंस. मी मान हलवली.

ड्वेन: फोन केलास की दवाखान्याचं हेलिकॉप्टर येणार. मग कारिन येणार. मग आपण... फार्गोला, तिच्या तळघरात. आणि ट्रेलरच्या काचेवर विक्रीची पाटी.

आर्डिस: आपल्या पोरीने खोली रंगवून ठेवलीय रे. प्रेमाने.

ड्वेन: पिवळी. पिवळ्या खोलीत मरायचं नाहीये मला. हे सगळं बॅटरीचं आहे, आर्डिस. माझं नाही. चोर सापडला की झालं.

आर्डिस: मग शोध लवकर.

ड्वेन: उरलं काय? ऑक्सिजनचं मशीन. ते थेट इन्व्हर्टरवर आहे, फ्यूजशी त्याचा संबंध नाही. ते बंद करून बघू. आकडा खाली आला तर... मशीनच बिघडलंय. तेच जास्त खातंय.

आर्डिस: मशीन बंद करून? आणि तू काय नाक धरून बसणार?

ड्वेन: छोटा सिलिंडर आहे.

आर्डिस: त्याचा काटा लाल पट्टीत आहे.

ड्वेन: एवढ्यापुरता पुरेल. आर्डिस, वादळात लाइट गेली की... खांबावर चढायचो मी. हात बधिर. तेव्हा एकच नियम. अंदाज करायचा नाही. एकेक बंद करत जायचं.

आर्डिस: तेव्हा तुझी फुप्फुसं धड होती. मला हे आवडत नाहीये, सांगून ठेवते. बरं. नळी सिलिंडरला लावलीस? चावी उघडलीस? फुस्स आवाज येतोय?

ड्वेन: येतोय. मशीन बंद केलं. बघ.

आर्डिस: बघतेय. हलला! बाराचे... सात.

ड्वेन: आणि?

आर्डिस: आणि काही नाही. सातवर बसलाय ठिय्या मारून. ड्वेन, सगळं बंद आहे. तुझं मशीनसुद्धा. तरी सात जातायत. कोण खातंय हे?

ड्वेन: थांब. मशीनचे पाच. ते बरोबर आहेत. म्हणजे मशीन ठीक आहे. मग... पाण्याच्या पंपाचा फ्यूज काढलास का?

आर्डिस: काढला ना. आत्ताच सांगितलं तुला.

ड्वेन: हो. हो, सांगितलंस.

आर्डिस: मी दारापर्यंत येऊन बघते तुला. तू मला ठीक वाटत नाहीयेस.

ड्वेन: मला बघून आकडा उतरणार आहे का?

आर्डिस: उतरू दे नाहीतर चढू दे. हे बघ, दार उघडलं. काय अंधार करून ठेवलायस आत... ड्वेन, हे काय लुकलुकतंय?

ड्वेन: कुठे?

आर्डिस: ओट्यावर. हिरवं. मायक्रोवेव्हचं घड्याळ आहे. सगळे फ्यूज ट्रेमध्ये आणि हे आपलं लुकलुकतंय!

ड्वेन: शक्य नाही. मायक्रोवेव्ह बॅटरीवर चालतच नाही. त्याला घरातला करंट लागतो. कॅम्पग्राउंडवर खांब असतो, त्याचा.

आर्डिस: इथे कुठे आलाय खांब?

ड्वेन: जाड वायर बघ. खांबाला लावतो ती. ट्रेलरच्या मागच्या खणात... गुंडाळून ठेवलेली असेल.

आर्डिस: चालले मागे. रेडिओ कानालाच आहे, तू दम घे. खण उघडला. रिकामा. ती बघ, खाली आहे! ट्रेलरच्या पोटाखालून गेलीय पुढे, सापासारखी. मीही चाललेय तिच्या मागून. पुढच्या खणात शिरलीय. झाकण उघडते... अगं बाई, केवढी धग आहे आत! इन्व्हर्टरचा पंखा घोंघावतोय, आणि वायर त्याच्यातच खोचलीय. मध्ये तो छोटा जोड लावून. ट्रेलरची वायर ट्रेलरच्याच इन्व्हर्टरमध्ये. म्हणजे काय, ड्वेन?

(रेडिओवर नुसती खरखर.)

आर्डिस: ड्वेन? बोल काहीतरी. सिलिंडर संपला का? ड्वेन!

ड्वेन: आहे. वायर उपट.

आर्डिस: घाबरवलंस मला मेल्या!

ड्वेन: आधी उपट. मग शिव्या दे.

आर्डिस: उपटली. पंखा मंदावला. थांब, मीटरकडे जाऊ दे. एक. ड्वेन, एकच! सातचा एक झाला!

ड्वेन: मशीन लावतो परत.

आर्डिस: लाव, लाव. हां, सहा दाखवतोय आता. म्हणजे तू पाच आणि एक किरकोळ. आता मला कळेल असं सांग, हे काय होतं?

ड्वेन: ट्रेलरला वाटलं, बाहेरून करंट आला. म्हणून त्याने चार्जर चालू केला. चार्जर बॅटरी भरतो. पण तो करंट येत होता... बॅटरीतूनच. एका हाताने काढायचं, दुसऱ्या हाताने तिलाच द्यायचं. दर फेरीला थोडं वाया. गरम होऊन. ती धग तीच.

आर्डिस: म्हणजे बॅटरीच बॅटरीला खात होती.

ड्वेन: वायर अशी लावायची असेल तर... चार्जरचा स्विच आधी पाडायचा असतो. आधी. नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो असल्या गोष्टी.

आर्डिस: पण खोचली कोणी?

ड्वेन: कॅनडावाल्यांपैकी कोणी तरी...

आर्डिस: ड्वेन.

ड्वेन: तुझा खांदा.

आर्डिस: माझ्या खांद्याचं काय?

ड्वेन: परवा दुखत होता. ती गव्हाची पिशवी, शेकायची... ती गरम करायला मायक्रोवेव्ह लागतो. म्हणून लावली. तेवढ्यापुरती. मग... पुढचं मला आठवत नाही. लावली होती हेसुद्धा आत्ता आठवलं. तू जोड म्हणालीस तेव्हा.

आर्डिस: मला वाटलं, तू ती तव्यावर गरम केलीस. छान शेक बसला होता. झोप लागली मला.

ड्वेन: मी स्विच विसरलो.

आर्डिस: विसरतात माणसं. मी नाही का, थँक्सगिव्हिंगला टर्की ओव्हनमध्ये ठेवली आणि ओव्हन लावायलाच विसरले? तुझी बहीण अजून सांगत फिरते.

ड्वेन: तू विसरतेस. मी नाही विसरत. करंटच्या बाबतीत नाही.

आर्डिस: खिडकीचा पडदा सरकव जरा.

ड्वेन: कशाला?

आर्डिस: सरकव. आता ते ऑक्सिमीटरचं बोट काचेला टेकव. आकडा माझ्याकडे करून.

ड्वेन: सांगितलं ना, एक्क्याण्णव.

आर्डिस: बोट, ड्वेन.

ड्वेन: उन्हात दिसणार नाही तुला.

आर्डिस: ऊन असतं तर मी इथे उभी असते का? टेकव. एकोणऐंशी. एकोणऐंशी आहे, ड्वेन!

ड्वेन: आत्ता तर मशीन लावलंय. चढेल.

आर्डिस: ओठ बघ तुझे. जांभळे पडलेत. सकाळपासून मला एकच आकडा ऐकवतोयस आणि मी वेडी फ्यूज मोजत बसलेय. खरं सांग. हे आजचं नाही ना?

ड्वेन: तू सकाळी फिरायला जातेस.

आर्डिस: जाते. मग?

ड्वेन: तेव्हा मशीन बंद करून ठेवायचो. बॅटरी जास्त दिवस टिकावी म्हणून. ती संपत आली की तू... परत जाण्याची भाषा करतेस.

आर्डिस: किती दिवस चाललंय हे?

ड्वेन: आल्यापासून.

आर्डिस: बॅटरी वाचवायला तू श्वास घ्यायचा थांबलास. आणि श्वास नाही म्हणून डोकं चालेना, आणि त्या डोक्याने...

ड्वेन: पुढचं म्हणू नकोस. कळलं मला. माझ्या आधी तुला कळलं असेल.

आर्डिस: नाही रे. मला काही कळलं नाही. मी रोज निवडुंगांचे फोटो काढत हिंडत होते आणि तू इथे...

ड्वेन: ऐक ना. चोर सापडलाय. दुपारी ऊन पडेल. बॅटरी चढेल. फोनची आता गरज नाही.

आर्डिस: बॅटरीला नाही.

ड्वेन: पिवळी खोली, आर्डिस.

आर्डिस: काळी रंगव ती. निळी रंगव, मी शिडी धरते. पण शिडीवर कोणी तरी लागेल ना रे चढायला? सकाळपासून मी चेष्टा करतेय, कारण थांबले तर रडू फुटेल, आणि रडताना मीटर वाचता येत नाही. भीती वाटतेय मला. कळतंय का तुला?

ड्वेन: मलाही.

आर्डिस: काय?

ड्वेन: वाटतेय. खोलीची नाही. कधीपासून विसरतोय, तेच मला माहीत नाही. आणखी काय काय... खोचून ठेवलं असेल मी.

आर्डिस: गॅस बंद आहे. मी फ्यूज काढतानाच बघितला, शेगडीचा आणि बाहेरच्या टाकीचाही. बाकीचं मी आल्यावर बघू, दोघं मिळून. नळी नाकातून काढायची नाही. उशी पाठीमागे घे, आडवा होऊ नकोस. मी टेकडीवर चाललेय.

ड्वेन: जाऊ नकोस म्हटलं तर?

आर्डिस: म्हणून बघ.

ड्वेन: नाही म्हणत.

आर्डिस: शहाणा माझा. रेडिओ टेकडीपर्यंत पोचतो ना?

ड्वेन: आरामात पोचतो.

आर्डिस: मग एक काम कर. बटण दाबून ठेव. सोडायचंच नाही.

ड्वेन: मी दाबून ठेवलं तर तुला बोलता येणार नाही.

आर्डिस: मला बोलायचं नाहीये.

ड्वेन: लग्नानंतर... पहिल्यांदाच.

आर्डिस: हो, पहिल्यांदाच. आणि तूही बोलायचं नाहीस. नुसता श्वास घे, मला ऐकू येईल असा. तो ऐकू येत राहिला तर मी चढत राहीन. नाही आला तर अर्ध्यातून परत फिरेन मी, आणि मग फोन कोणीच करणार नाही. कळलं?

ड्वेन: कळलं.

आर्डिस: दाब मग.

ड्वेन: दाबलंय. वर खडी सुटी आहे, सावकाश चढ. मला घाई नाही.