हेल्मीबाईंच्या पिक्चरमधलं चौदावं मिनिट

– नाही, ते वाक्य नको लिहूस, ऋजुता. थांबव जरा लॅपटॉप. बाकी छान केलंस हो, माझं मराठी तू डच सबटायटल्समध्ये कसं बसवतेस कोण जाणे – पण हे चौदाव्या मिनिटाचं, तिथे लिही, बाई थालीपिठाबद्दल सांगतेय. कोणाला कळणारेय? पंचवीस तारखेला पिक्चर इथल्या, कापेलच्या लायब्ररीत दाखवणार, समोर सगळे डच म्हातारे. अभिराम? छे, माझ्या मुलाला वेळ कुठला, त्या दिवशी त्याच्या ऑफिसचं आर्नहेमला काहीतरी गो-लाइव्ह आहे. सुनेचंही – असो. थालीपीठ लिही.

तुला सुरुवातीच्या पाटीसाठी हेल्मीबाईंची माहिती हवी होती ना? त्यांच्या लेकीने सांगितलंय मला सगळं. एस्टोनियाच्या. मी तरी देशाचं नाव कुठे ऐकलं होतं? शेजारच्या घरात राहायच्या, शहाऐंशी वर्षांच्या. तिकडे पिक्चर काढणारी पहिली बाई म्हणतात त्यांना. स्टुडिओत बायकांनी फिल्म कापायची, चिकटवायची, कॅमेऱ्यामागे उभं राहायचं ते पुरुषांनी, अशी रीत. ह्या कॅमेरा उचलून बोटीने एका बेटावर गेल्या – तिथे नऊ बायका मासे खारवायच्या – आणि त्यांना नुसतं बोलू दिलं. मध्ये प्रश्न नाही, काही नाही. बायका बोलल्या, साहेबांबद्दल, नवऱ्यांबद्दल, धरून नेलेल्या माणसांबद्दल. तेव्हा रशियनांचं राज्य. स्टुडिओतले साहेब म्हणाले, चित्र राहू दे, आवाज पुसा, वरून निवेदक बोलेल – बायका किती आनंदात कामं करताहेत. हेल्मीबाई म्हणाल्या, "शब्द त्यांचे आहेत, मी कोण बदलणार?" झालं. पिक्चर कपाटात, वीस वर्षं. ह्यांना गाईगुरांवरच्या फिल्मा. पुढे राज्य गेलं, पिक्चर बाहेर आला, मानसन्मान, हारतुरे – पण त्या नऊजणींतली एकच उरली होती, आणि तिला ऐकू येत नव्हतं. हे सांगताना लेकसुद्धा रडली.

मग म्हातारपणी इथे, लेकीकडे. लेक दिवसभर कामावर, आमच्यासारखंच. मला लिफ्टमध्ये भेटल्या. ना त्यांना माझी भाषा, ना मला त्यांची. तरी तीन दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसवून, समोर कॅमेरा लावून, फोनवर भाषांतर करून म्हणाल्या, तुझ्या भाषेत बोल. आता आपलं असतंच ना – ट्राममध्ये, दुकानात मराठीत वाट्टेल ते बोलतो, शेजारच्याला काय कळतंय! तसंच झालं माझं. सांगून बसले. की मी भाजी निवडत होते आणि पलीकडे अभिराम बायकोला म्हणाला, आईला पुण्यातल्या त्या वृद्धाश्रमात बरं पडेल, ईशानी आता शाळेतून एकटी सायकलने येते, तिला सांभाळायला कोणी लागत नाही. मला ऐकू आलं हे त्यांना माहीत नाही. मी कोणालाच बोलले नाही ग. त्या बाईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण डोळे भरले होते त्यांचे. फेब्रुवारीत गेल्याच.

लपवायचंय कोणापासून? ईशानीपासून, दुसरं कोणापासून! माझी नात, तेरा वर्षांची, ती येणारेय, मैत्रिणींना घेऊन. तिच्यासाठीच तर आले मी इथे. मराठी कळतं तिला, पण जेवायला ये, स्वेटर घाल, एवढंच. जरा लांबलचक बोलले की 'या, आजी, या' – डचमध्ये हो – आणि मोबाइलमध्ये डोकं. सहा वर्षं एका घरात, पण मला काय वाटतं ते तिला सांगताच आलेलं नाही. आणि आता एकदम हे, खाली डच अक्षरांत, सगळ्यांसमोर? पोरीला कशाला त्रास.

अशी काय बघतेस?

हो. कळलं मला. स्टुडिओतले ते साहेबही असंच म्हणाले असतील.

लिही मग. आहे तसं लिही, एक शब्द इकडचा तिकडे नको. आजी काय बोलते ते एकदा तरी पोरीला पूर्ण कळू दे. घरी येऊन बापाला विचारेल. विचारू दे.

चालू कर. नाही, मी नाही बसत इथे, माझ्याच्याने ऐकवणार नाही. मी आत जाते. तुझं झालं की दार ओढून घे.