जिवंत दगडातली गोम

तुम्ही हसाल, पण मी एकदा समुद्राच्या पाण्यात मीठ टाकलं. तेही गोंदियात.

फुलचूरला ज्या मॅडमकडे मी स्वयंपाक करते, त्यांच्याकडे खाऱ्या पाण्यातल्या मासोळ्यांची काचेची पेटी आहे. त्यात समुद्रातला दगड आहे. "जिवंत दगड आहे तो," असं मॅडम सांगायच्या. मी नुसती मान हलवायची. दगड कधी जिवंत असतो का?

घरी पाहणारं कोणी नाही, म्हणून माझी चार वर्षांची परी माझ्यासोबतच येते. त्या दिवशी ती स्टुलावर चढून, पेटीत हात घालून म्हणते, "आई, दगडातून गोम निघून राहिली!"

पाहते तर केसाळ, लांबलचक काहीतरी तिच्या बोटाकडेच येत होतं. मी परीला ओढलं. धानाच्या बांधीत पायाला जळू चिकटली की आम्ही मीठ टाकतो, तसंच मूठभर मीठ आणून पेटीत फेकलं.

मॅडम जेवत्या ताटावरून उठून आल्या. "काऊन वं, काय टाकलं?"

"मीठ. आता मरते ते."

"अवं, समुद्रातला किडा आहे तो, दगडासंगं आला. मिठातच राहते. मासोळ्यांचं उष्टं खाते बिचारा. फक्त त्याचे केस टोचतात."

आता काम जाते, असं वाटलं मला. "मॅडम, उद्यापासून पोरीला नाही आणत." तोंडानं म्हटलं खरं, पण ठेवणार कुठं होती मी तिला?

मॅडमनी परीची बोटं एकेक करून तपासली. मग म्हणाल्या, "पोरीला रोज आण. मीठ तेवढं भाजीत टाकत जा, आजची आळणी आहे."