मागाच्या लाकडाचं घड्याळ

करुणा : मामाजी, तो खांबाचा तुकडा द्या. सानगडीहून आलो का घड्याळ भिंतीवरून उतरवते आणि मोठं चाक नव्यानं कापते.

भैय्यालाल : हा? माह्या हातमागाचा हा एकच तुकडा राहिला आता. या चाकाले काय झालं?

करुणा : घड्याळ मागं पडते ना. कधी अर्धा तास, कधी दोन. दाते घासले, पेन्सिलीच्या शिशाची पूड लावली. फरकच नाही.

भैय्यालाल : लाकूड चांगलं हाये. सागवान हाये ते. माह्या बापानं आणलं होतं.

करुणा : लाकडाले मी काही म्हणत नाही. चूक माझीच असन. तुम्ही आपल्या हातानं मागाचे खांब काढून दिले, मी त्याची चाकं कापली, आणि घड्याळ धड चालत नाही. लाज वाटते मले.

कौशल्याबाई : अवो, सून रडाले आली. सांगा ना आता.

भैय्यालाल : तू चूप राय व. सानगडीले भाची दामिनीच्या पोरीचं बारसं हाये, जीप येऊन राहिली. तयारी कर आपली.

कौशल्याबाई : माही तयारी सकाळीच झाली. तुमचाच सदरा उलटा हाये.

करुणा : काय सांगाचं आहे, आई?

कौशल्याबाई : मी नाही सांगत. शाळेत विज्ञान शिकवते ना तू? शोध.

करुणा : बरं. रविवारी घड्याळ बरोबर असते. शाळेच्या दिवशीच मागं पडते. चाकात खोट असती तर रविवारीही दिसली असती.

भैय्यालाल : हवा बदलते.

करुणा : रविवारची सुटी हवेले कशी कळते, मामाजी?

कौशल्याबाई : घ्या! बोला आता.

करुणा : आणि ते हळू चालत नाही. मी घरी असली का मिनिटाचा फरक पडत नाही. म्हणजे मधात बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. पण लंबक एकदा थांबला का आपल्या मनानं हलत नाही. कोणाचं तरी बोट लागते.

भैय्यालाल : माह्यं.

करुणा : तुम्ही बंद करता?

भैय्यालाल : दुपारी मी घाटावर जातो. ही जाते शेजारी, गप्पा हाकाले. घरात मानूस नाही, मंग कोणासाठी चालन ते? मागावरून उठलं का माग उभा. रिकामा माग कोणी चालवते का? लाकडाले लाकूड घासते, दाते झिजतीन. आल्यावर देतो ना बोट लावून. काटे नाही फिरवले बरं मी. तुह्या हिसाबात हात कायले घालू?

करुणा : अहो, पण मी रोज दाते घासत होती, तेव्हा तरी सांगाचं!

भैय्यालाल : मले वाटलं, ते रोजचंच काम असन. मागालेही तेलपाणी लागेच.

कौशल्याबाई : मी म्हटलं होतं, सांगून द्या. तर मलेच म्हणे, तुले मशीनीतलं काय समजते!

करुणा : तुकडा राहू द्या, मामाजी. आता कापत नाही. पण घड्याळ बंद नाही कराचं. दाते एवढ्यात झिजत नाही. आणि त्याले समोर मानूस लागत नाही. आपण नसलो तरी ते वेळ मोजते, म्हणून तर घरी आल्यावर कळते किती वाजले.

भैय्यालाल : आपण नसलो तरी?

करुणा : तरी. दोरीले टांगलेलं वजन रोज वर ओढलं का झालं, त्याच्यावरच ते चालते.

कौशल्याबाई : जीप आली! कुलूप कोठं हाये?

(तिघंही बाहेर. दार लोटलेलं. आतून घड्याळाची टकटक.)

भैय्यालाल : थांब. कुलूप नको लावू.

करुणा : काही राहिलं का आत?

भैय्यालाल : नाही. आयकून राहिलो. माग असा भायेरून कधी आयकलाच नाही मी. मी भायेर, का तो चूप.

कौशल्याबाई : अवो, जीपवाला हॉर्न वाजवून राहिला. तेही आयका.

भैय्यालाल : करुणा, वजन वर ओढलं ना?

करुणा : पूर्ण वर.

भैय्यालाल : बरं. मंग लाव कुलूप.