हेडक्लार्कशी बरोबरी

विषय : बरोबरीत सुटलेला बुद्धिबळाचा डाव पुन्हा खेळवण्याबाबत.

बाहत्तरच्या दुष्काळाआधी शेवगावच्या आमच्या कचेरीत स्पर्धा झाली. जिंकणारा नगरला जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार होता, आणि मी जायचंच ठरवलं होतं. अंतिम डावात समोर आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब. मी उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, त्यांनीही तेच सरकवलं. मी घोडा काढला, त्यांनीही काढला.

"भाऊसाहेब, स्वतःचं काही खेळा की!"

"आधीचा दाखला असल्याबिगर मी आजवर काही केलं न्हाई. तुमी खेळा."

संध्याकाळपर्यंत जिद्दीने लढलो. शेवटी पटावर दोन राजेच उरले. नगरला कुणीच गेलं नाही.

मी फेरडावासाठी अर्ज केला. तो रीतीप्रमाणे हेडक्लार्ककडेच गेला.

"याला दाखला कुठाय?" भाऊसाहेब म्हणाले.

आम्ही दोघेही निवृत्त झालो. अर्ज विचाराधीन आहे.