मुळापासून

शेफील्डच्या आमच्या दवाखान्यात एक म्हातारं जोडपं डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलं आणि माझ्या शेजारी बसलं.

“हिल्डा, तू लॅटिन शिकवायचीस ना? रॅडिकल ऑपरेशन म्हणजे काय गं? पुढारी रॅडिकल बदल करू म्हणतात, तोच शब्द?”

“तोच. रॅडिक्स म्हणजे मूळ. रॅडिश, आपला मुळा, तोही त्याच घरातला.”

“म्हणजे मुळासकट उपटून टाकायचं! मग आज डॉक्टर नको का म्हणाले? मला नीट कळलंच नाही.”

“मुळं पसरलीत, एडगर.”

“कुठवर?”

“यकृतात. फुप्फुसातसुद्धा.”

“मग आता काय करणार?”

“आता तुला दुखू द्यायचं नाही, एवढंच.”

“बरं. यंदा वाफ्यात काय लावू?”

“लवकर येईल असं काहीतरी लाव.”